आघाडीची फळी कशी बघावी: बर्जरॉन, मार्शंड आणि पास्तर्नाक यांच्या खेळावरून

आइस हॉकी पहिल्यांदा बघणारा माणूस पकच्या मागे नजर पळवतो आणि पाच-दहा मिनिटांत थकतो. पक म्हणजे ३ इंच व्यासाची, १ इंच जाडीची कडक रबराची चकती. बर्फावर उड्या मारू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. टीव्हीवर ती जवळच्या बोर्डाआड, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीआड, गेली की दिसतच नाही. म्हणून सुरुवातीला पक सोडून द्या आणि तीन माणसं धरा: सेंटर, लेफ्ट विंग आणि राइट विंग. या तिघांची आघाडीची फळी होते.

तिघांना एकत्र बघायची सवय लागली की काही सामन्यांतच एक गोष्ट दिसू लागते. गोल करणारे चांगले खेळाडू बहुतेक सगळ्याच संघांकडे असतात. फळी मोठी होते ती हातचा पक गेल्यावर तो किती लवकर परत मिळवते त्यावर. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही एकच गोष्ट दिसावी म्हणून आहेत.

उदाहरण म्हणून एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या बॉस्टन ब्रुइन्सची एक फळी घेतली आहे: मध्ये पॅट्रिस बर्जरॉन, डावीकडे ब्रॅड मार्शंड, उजवीकडे डेव्हिड पास्तर्नाक. बॉस्टनचे चाहते तिला ‘परफेक्शन लाइन’ म्हणायचे. बर्जरॉन आणि मार्शंड २०१०-११ पासून एकत्र खेळत होते, आणि त्याच हंगामात मार्क रेकी उजवीकडे असताना संघाने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. त्यानंतर उजव्या बाजूला बरेच जण येऊन गेले. पास्तर्नाक २०१६-१७ मध्ये अधूनमधून आणि २०१७-१८ पासून नियमित आला, आणि फळी पूर्ण झाली. बर्जरॉन २०२३ मध्ये निवृत्त झाला, पण या तिघांची चित्रफीत यूट्यूबवर भरपूर आहे. शिकण्यासाठी याहून चांगला नमुना नाही, कारण तिघांची कामं इतकी वेगळी आहेत की नवख्यालाही ती ओळखता येतात.

पहिली पायरी: आकडे आणि हात ओळखा

बर्फावर एका संघाचे पाच स्केटर आणि एक गोलरक्षक असतात. पाचांपैकी तीन आघाडीचे, दोन बचावपटू. सामन्यासाठी १८ स्केटर तयार असतात, साधारणपणे १२ आघाडीचे आणि ६ बचावपटू. म्हणजे चार फळ्या आणि बचावाच्या तीन जोड्या. २० मिनिटांचे तीन भाग असतात, आणि पहिल्या फळीतल्या चांगल्या खेळाडूला ६० पैकी १८ ते २१ मिनिटं मिळतात.

पाठीवरचे आकडे आधी पाठ करा: मार्शंड ६३, बर्जरॉन ३७, पास्तर्नाक ८८. मग काठी कोणत्या बाजूला आहे ते बघा. मार्शंड डावखुरा, म्हणजे काठीचं पातं शरीराच्या डाव्या बाजूला. बाकीचे दोघे उजवे. हे सुरुवातीला बारीकसारीक वाटतं, पण कोण कुठे उभा राहणार, कोणाला कुठून पास चालणार, फेसऑफला कोण जाणार, हे सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

दुसरी पायरी: फेसऑफनंतरचे दोन सेकंद

खेळ थांबला की पुन्हा सुरू होतो फेसऑफने. पंच दोन सेंटरच्या मध्ये पक टाकतो. रिंकवर असे नऊ ठिपके आहेत, त्यांपैकी काहींभोवती वर्तुळ असतं. मधल्या वर्तुळाचा ठिपका सोडून इतर ठिकाणी बचाव करणाऱ्या बाजूच्या खेळाडूला काठी आधी बर्फावर टेकवावी लागते, त्यामुळे आक्रमण करणाऱ्याला थोडा फायदा मिळतो.

उजव्या हाताच्या सेंटरला पातं उलट्या बाजूने ओढून पक आपल्या उजवीकडे, मागे काढणं सोपं जातं. म्हणून प्रशिक्षक उजव्या बाजूच्या ठिपक्यावर शक्यतो उजवा सेंटर पाठवतो. बर्जरॉनने कारकिर्दीत ५७ टक्क्यांच्या वर फेसऑफ जिंकले. अर्ध्याच्या वर सात टक्के म्हणजे किरकोळ असं वाटेल, पण या विभागात ५५ टक्केही उत्तम मानले जातात, आणि त्याला मिळणारे फेसऑफ बहुतेक अवघड जागीच असायचे.

नवख्याचं लक्ष दोन सेंटरांच्या काठ्यांवर जातं. तुम्ही विंगकडे बघा. बरेचसे फेसऑफ स्वच्छ जिंकले जात नाहीत, पक दोघांच्या पायांत अडकतो, आणि तिथे आधी पोचेल त्याचा तो होतो. मार्शंड वर्तुळाच्या कडेवर गुडघे वाकवून, वजन पुढच्या पायावर टाकून उभा असायचा. पंचाच्या हातून पक सुटला की प्रतिस्पर्धी विंगच्या आतल्या बाजूने खांदा घालायचा. फेसऑफची नोंद बर्जरॉनच्या नावावर होते, पण त्यातला वाटा मार्शंडचाही असतो.

तिसरी पायरी: आपल्या गोलजवळ सेंटर काय करतो

आघाडीची फळी म्हणून तिला फक्त समोरच्या गोलजवळ बघायचं, ही सगळ्यांत मोठी चूक. दोन निळ्या रेषा रिंकचे तीन झोन करतात: आपला, मधला आणि प्रतिस्पर्ध्याचा. खरं शिक्षण आपल्या बाजूला, निळ्या रेषेच्या आत मिळतं. गोलरेषेपासून निळ्या रेषेपर्यंत ६४ फूट अंतर असतं. इथे विंगचं काम तुलनेने सोपं: प्रतिस्पर्ध्याचे दोन बचावपटू निळ्या रेषेजवळ उभे असतात, त्यांच्याकडे जाणारा पास अडवायचा, ते शॉट मारत असतील तर वाटेत यायचं. सेंटर मात्र खाली जातो, दोन बचावपटूंच्या मदतीला. तिथे तो जवळजवळ तिसरा बचावपटू असतो.

बर्जरॉनला बघताना त्याच्या मानेकडे बघा. दर सेकंद-दीड सेकंदाला डोकं वळतं: पक, मग पाठीमागे कोण आहे, पुन्हा पक. काठी बर्फाला टेकलेली आणि पासच्या वाटेत आडवी. तो अंगावर धावून क्वचित जायचा. दोन वाटांपैकी एक बंद करायचा आणि उरलेल्या वाटेवर स्वतः पोचायचा. सर्वोत्तम बचावात्मक आघाडीपटूला मिळणारी सेल्की ट्रॉफी त्याने सहा वेळा जिंकली: २०१२, २०१४, २०१५, २०१७, २०२२ आणि २०२३. इतक्या वेळा ती दुसऱ्या कोणालाच मिळालेली नाही.

इथे बिघडतं ते असं: सेंटर पकच्या मोहात कोपऱ्यात जातो, तिथे आधीच आपला बचावपटू असतो, आणि गोलसमोरची जागा मोकळी पडते. गोल खाल्ल्यावर रिप्ले बघा. पास देणाऱ्याकडे आणि गोल मारणाऱ्याकडे न बघता सेंटर कुठे होता ते शोधा. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

चौथी पायरी: बाहेर पडणं

पक परत मिळाला की तो आपल्या झोनमधून काढायचा. नेहमीची पद्धत अशी: बचावपटू गोलमागे पक घेतो, त्याच बाजूचा विंग बोर्डाला पाठ टेकवून वर्तुळाच्या उंचीवर थांबतो, सेंटर खालून वळसा घेत त्याच्या आतल्या बाजूने येतो. पक बचावपटूकडून विंगकडे, विंगकडून एका स्पर्शात सेंटरकडे, आणि तो वेगात मधल्या झोनमध्ये.

बिघाड दोन ठिकाणी होतो. एक, विंग घाईने पुढे पळतो आणि बचावपटूला पास द्यायला कोणीच उरत नाही. दोन, विंग बोर्डाकडे तोंड करून उभा राहतो, मागून प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू चढून येतो आणि त्याला ते कळतच नाही. मार्शंड जेमतेम ५ फूट ९ इंचांचा, पण बोर्डाजवळ त्याच्याकडून पक काढून घेणं मोठमोठ्या बचावपटूंना जमत नसे. तो धक्का येण्याआधीच अंगाने टेकायचा, गुरुत्वमध्य खाली ठेवायचा आणि पक दोन पायांमध्ये दडवायचा. उंची कमी असलेल्या पोरांनी ही एकच गोष्ट त्याच्याकडून उचलली तरी पुष्कळ झालं.

पाचवी पायरी: निळ्या रेषेवरचा निर्णय

पक निळी रेषा ओलांडण्याआधी कोणताही आक्रमक दोन्ही पायांनी आत गेला तर ऑफसाइड. त्यामुळे रेषेवर तिघांची वेळ जुळावी लागते. इथे पर्याय दोन: पक काठीवर घेऊन आत शिरायचं, किंवा तो कोपऱ्यात टाकून मागे धावायचं. पक ताब्यात ठेवून केलेल्या प्रवेशातून साधारण दुप्पट शॉट निघतात, हे विश्लेषकांनी सामने मोजून दाखवलेलं आहे. म्हणून चांगली फळी शक्य तिथे पक घेऊनच शिरते.

या त्रयीची आवडती चाल बघा. मार्शंड डावीकडून आत शिरतो आणि गोलकडे सरळ न जाता बोर्डाजवळ अचानक वळून थांबतो. बचावपटू मागे हटत असल्याने त्याच्यासमोर दहा-बारा फुटांची जागा तयार होते. पास्तर्नाक दूरच्या बाजूने आत घुसून दुसऱ्या बचावपटूला सोबत ओढून नेतो. बर्जरॉन मुद्दाम दोन-तीन पावलं उशिरा येतो, आणि मधली रिकामी जागा त्याची होते. लांबून ही चाल संथ दिसते. तिचं सगळं बळ त्या उशिरा येण्यात आहे.

रेषेवर बचावपटू दाटीने उभे असतील तर मात्र पक आत टाकणंच शहाणपणाचं. तिथे नको ती करामत करून पक घालवला तर आपले तिघेही पुढच्या दिशेने पळत असतात, आणि मागे दोन बचावपटूंवर तीन प्रतिस्पर्धी चालून येतात.

सहावी पायरी: फोअरचेक

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. प्रतिस्पर्ध्याच्या झोनमध्ये पक त्यांच्याकडे आहे, तो हिसकावायचा आहे. पहिला पोचणारा खेळाडू पकवाल्यावर जातो, पण सरळ नाही: तिरका, म्हणजे त्याला वळायला एकच बाजू उरते. दुसरा त्या बाजूचा बोर्ड आणि जवळचा पास बंद करतो. तिसरा गोलसमोर वरच्या बाजूला, वर्तुळांच्या मधल्या पट्ट्यात थांबतो. पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमांक नेमून दिलेले नसतात. जो आधी पोचेल तो पहिला. त्यामुळे तिघांनाही तिन्ही कामं यावी लागतात आणि एकमेकांकडे न बघता आपलं कोणतं हे कळावं लागतं.

मार्शंड बऱ्याचदा पहिला असायचा, बर्जरॉन बऱ्याचदा तिसरा. पास्तर्नाक दुसऱ्याच्या कामात तरबेज झाला तो या दोघांच्या सहवासात. लीगमध्ये तो १८ व्या वर्षी आला तेव्हा त्याच्या शॉटचं कौतुक होत असे, काठीने पास चोरण्याचं फारसं नाही. पुढे तेही होऊ लागलं.

तिसऱ्याने जागा सोडली की फोअरचेक कोसळतो. गोल होईल या आशेने तोही खाली जातो, एक लांब पास निघतो, आणि तिन्ही आक्रमक चुकीच्या टोकाला अडकतात. सामना बघताना पक कोपऱ्यात असेल तेव्हा दर वेळी स्वतःला विचारा: आपला तिसरा कुठे आहे? कॅमेऱ्यात दिसत नसेल तर तो बहुधा योग्य जागी, वरच्या बाजूला आहे.

सातवी पायरी: शिफ्ट आणि बदल

बदली खेळाडू खेळ चालू असतानाच उतरतात. मैदानी हॉकीतही असंच होतं, पण इथे वेग वेगळाच: एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, साधारण ४० ते ५० सेकंदांची. घड्याळ लावून मोजा. मिनिटाच्या पुढे गेलेली फळी पाय ओढायला लागते, आणि गोल अशाच वेळी खाल्ले जातात. त्यात आयसिंगचा नियम भर घालतो: मधल्या रेषेच्या अलीकडून पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार फेकला तर फेसऑफ आपल्याच गोलजवळ होतो, आणि दमलेल्या पाचांना बदलताही येत नाही.

बदल करायची योग्य वेळ म्हणजे पक प्रतिस्पर्ध्याच्या झोनमध्ये खोल गेलेला असताना. चुकीच्या वेळी केलेला बदल किती महाग पडतो याचं उदाहरण याच फळीतलं आहे. १२ जून २०१९, बॉस्टनमध्ये स्टॅनली कप फायनलचा सातवा सामना, सेंट लुइस ब्लूजविरुद्ध. पहिला भाग संपायला काही सेकंद उरले होते. ब्लूज पुढे येत असताना मार्शंड बदलीसाठी बेंचकडे वळला. त्याच्या बाजूने अॅलेक्स पिएट्रँजेलो मोकळा आत आला आणि ८ सेकंद बाकी असताना गोल झाला. ०-१ चं ०-२ झालं, आणि सामना १-४ ने गेला. ती चित्रफीत दोनदा बघा, दुसऱ्या वेळी फक्त बेंचकडे.

शिट्टीनंतर पाहुण्या संघाला आपले खेळाडू आधी उतरवावे लागतात, यजमान नंतर ठरवतो. म्हणून घरच्या सामन्यात प्रशिक्षक हवी ती फळी हव्या त्या फळीसमोर आणू शकतो. बर्जरॉनची फळी अनेकदा प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम फळीसमोर उतरायची आणि तरीही जास्त गोल करायची.

आठवी पायरी: पॉवर प्ले

प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटांची शिक्षा झाली की पाच विरुद्ध चार. बॉस्टनची मांडणी १-३-१ होती: एक बचावपटू निळ्या रेषेवर, तिघे मधल्या ओळीत, एक गोलरक्षकासमोर. मधल्या ओळीत हेच तिघे, पण विंगच्या बाजू उलट! पास्तर्नाक डाव्या वर्तुळात, मार्शंड उजवीकडे, बर्जरॉन मध्ये.

कारण हातांत आहे. पास्तर्नाक उजवा असल्याने डाव्या वर्तुळात त्याचं पातं मैदानाच्या मध्याकडे येतं. उजवीकडून आलेला पास न थांबवता तो थेट मारू शकतो. गोल ६ फूट रुंद आहे, गोलरक्षकाला एका खांबापासून दुसऱ्याकडे सरकायला वेळ लागतो, आणि शॉट त्या आधी पोचतो. चौघा बचाव करणाऱ्यांनी पास्तर्नाककडे सरकून वाट बंद केली, तर मधला बर्जरॉन मोकळा होतो आणि मार्शंड त्याच्याकडे पास सरकवतो. दोन्ही बंद केले, तर मार्शंडपुढे गोलची वाट उघडते. २०१९-२० मध्ये पास्तर्नाकने ७० सामन्यांत ४८ गोल केले आणि अलेक्झांडर ओव्हेच्किनबरोबर सर्वाधिक गोलची ट्रॉफी वाटून घेतली.

आकडे वाचताना

गोल आणि असिस्ट (गोलआधी दिलेला पास) मिळून गुण होतात. एका गोलला जास्तीत जास्त दोन असिस्ट. २०१८-१९ मध्ये मार्शंडचे १००, पास्तर्नाकचे ६६ सामन्यांत ८१ आणि बर्जरॉनचे ६५ सामन्यांत ७९ गुण होते. पण फळी पारखायला गुण पुरत नाहीत, कारण त्यात पॉवर प्लेचेही गुण मिसळलेले असतात. पाच विरुद्ध पाच खेळात, फळी बर्फावर असताना झालेल्या एकूण शॉटच्या प्रयत्नांपैकी आपले किती टक्के, हा आकडा शोधा. ५० म्हणजे बरोबरी, ५५ म्हणजे फळी खेळावर राज्य करते आहे. हे तिघे वर्षानुवर्षं ५५ च्या वर राहिले. प्लस-मायनसवर, म्हणजे खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर, मात्र फार विसंबू नका. त्यात गोलरक्षकाचं बरंवाईट फळीच्या माथी येतं.

फळी कशाने मोडते

दुखापत आणि वय ही उघड कारणं. त्याखेरीज दोन समजून घ्यायला हवीत. पहिलं, समोरच्या संघाकडेही तितकाच दर्जेदार बचावात्मक सेंटर असणं. २०१९ च्या फायनलमध्ये सेंट लुइसच्या रायन ओरायलीने समान संख्येच्या खेळात या तिघांना फारसं काही करू दिलं नाही. त्या वर्षीची सेल्की ट्रॉफी त्यालाच मिळाली, आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

दुसरं कारण संघाच्या गरजेचं. तिन्ही हिरे एकाच फळीत घातले की उरलेल्या फळ्या कोरड्या राहतात, आणि प्रतिस्पर्ध्याला एकाच फळीची तयारी करावी लागते. जानेवारी २०२२ मध्ये प्रशिक्षक ब्रूस कॅसिडी यांनी पास्तर्नाकला टेलर हॉल आणि एरिक हॉला यांच्याबरोबर दुसऱ्या फळीत नेलं. चाहत्यांना हळहळ वाटणं साहजिक होतं, पण निर्णय बरोबर होता. आता एकाऐवजी दोन फळ्या सांभाळण्याची पाळी समोरच्यावर आली.

बघायला कधी बसायचं

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ ला सुरू होणारा सामना भारतात हिवाळ्यात पहाटे ५.३० ला आणि तिथली घड्याळं पुढे केल्यानंतर, म्हणजे प्लेऑफच्या दिवसांत, ४.३० ला दिसतो. बॉस्टन, टोरंटो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी एकदा तरी रिंकवर जाऊन, वरच्या रांगेत बसून बघावं. टीव्हीचा कॅमेरा पकमागे जातो, वरून मात्र तिसरा आक्रमक सतत दिसतो. स्वस्त तिकिटंही तिथलीच असतात.

पहिल्या सामन्यात एकच फळी निवडा आणि ती बर्फावर असेल तेवढंच बघा. पहिल्या २० मिनिटांत फक्त सेंटर, दुसऱ्या भागात पक नसलेला विंग, तिसऱ्या भागात फोअरचेकमधला तिसरा. जुन्या चित्रफितींनी सुरुवात करणाऱ्यांनी एप्रिल २०१८ मधला बॉस्टन विरुद्ध टोरंटो मालिकेचा दुसरा सामना शोधावा. पास्तर्नाकने त्यात एकट्याने ६ गुण मिळवले. त्यानंतर २०२५ च्या फायनलमधला फ्लोरिडा पँथर्सचा कोणताही सामना लावा. मार्शंड तेव्हा ३७ वर्षांचा होता, संघ बदलला होता, आणि अँटन लुंडेल व एतू लुओस्तारिनेन यांच्याबरोबर तिसऱ्या फळीत खेळत होता. एडमंटनविरुद्ध त्या फायनलमध्ये त्याने ६ गोल केले. बोर्डाजवळ तो अजूनही धक्का येण्याआधीच अंगाने टेकतो का, ते बघा.